पेटी कुणाच्या नावावर

आमच्याकडे ढोलाला मालक नसतो. लांजा तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जाऊन विचारा, ‘हा ढोल कुणाचा?’ कोणी म्हणेल गावाचा, कोणी म्हणेल देवाचा. शिमग्यात पालखी सहाणेवर आली की ढोल-ताशे बाहेर निघतात, घरोघर फिरतात, आणि शिंपणं झालं की परत देवळात जाऊन खुंटीला लागतात. ढोल गळ्यात कोणी घालायचा ते ठरलेलं असतं. तो मान. मान बापाकडून मुलाकडे जातो, भावकीत त्याच्यावरून भांडणंही होतात, पार कोर्टापर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. पण ढोल कुणी घरी नेत नाही. ज्याचा मान आहे त्याचा मुलगा मुंबईत राहिला आणि शिमग्याला आलाच नाही, तर त्याचा चुलतभाऊ ढोल उचलतो. पालखी थांबत नाही.

नमनाच्या मृदंगाचं तसंच. वाडीने वर्गणी काढून घेतलेला. फुटला तर वाडी वर्गणी काढणार, तो कुणाच्या घरी ठेवायचा हे वाडीच्या बैठकीत ठरणार. ज्याच्या पडवीत पाऊस येत नाही त्याच्याकडे, एवढाच निकष.

देवळातल्या सनई-चौघड्याची गोष्ट थोडी निराळी. ते काम गुरवाचं. त्याबद्दल त्याच्याकडे देवस्थानची इनाम जमीन. सकाळ-संध्याकाळ देवापुढे वाजवायचं आणि त्या जमिनीचं पीक खायचं. म्हणजे वारसा होता, पण तो कामाचा. थोरल्या मुलाला सनई फुंकता येत नसेल तर धाकट्याने फुंकायची, तोही नसेल तर भावकीतल्या कुणाला तरी उभं करायचं. वाजप बंद पडलं की गाव विचारायला येणार. सनई कुणाच्या मालकीची, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

तेव्हा आपल्यामागे आपलं वाद्य कुणाला द्यायचं, ही चिंता माझ्या आज्याच्या आज्याने कधी केली नसणार. ती चिंता पेटीबरोबर आली.

पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या वाडीत कुणी ‘हार्मोनियम’ म्हणालं तर तो शाळामास्तर समजावा. ही बाई मूळची पॅरिसची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिकडे पायाने भाता मारायची हार्मोनियम निघाली, मिशनरी आणि साहेबलोकांबरोबर ती इकडे आली. आपल्या लोकांना जमिनीवर मांडी घालून बसायची सवय. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमाराला हाताने भाता मारायची पेटी केली असं सांगतात, आणि मग ती देशभर पसरली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं पर्व सुरू झालं. पुढे पायपेटी आणि ऑर्गन नाटकाच्या पडद्यापुढे येऊन बसले. गोविंदराव टेंब्यांनी तर पेटीला मैफलीत स्वतंत्र मानाची जागा मिळवून दिली. नाटकवाल्यांचं बघून कीर्तनात, कीर्तनातलं बघून भजनात. अशी ती एकेक पायरी उतरत आमच्या पडवीत आली.

मोठ्या गवयांना मात्र ती आवडली नाही. तिचे सूर ठोकून बसवलेले. मींड निघत नाही, दोन सुरांच्या मधली जागा दाखवता येत नाही. म्हणून रेडिओने १९४० च्या मार्चपासून पेटीला बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत होती. एकतीस वर्षं. त्या एकतीस वर्षांत आमच्या तालुक्यात किती पेट्या आल्या असतील, त्याची मोजदाद नाही, पण माझ्या बघण्यात ज्या ज्या वाडीत भजन होतं त्या त्या वाडीत पेटी होती. रेडिओवर बंदी होती हे मला पन्नाशी उलटल्यावर एका पुस्तकातून कळलं. आमच्या बुवांना कधीच कळलं नसावं. ते त्या काळात एकादशीला रात्रभर पेटी वाजवत होते.

ती आणली चाकरमान्यांनी. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबईच्या गिरण्यांची माणसं पुरवणारा जिल्हा. परळ-लालबागला एकेका गावाची खोली असायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. दिवसपाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले त्याच वळकटीवर. पण त्या खोलीत भिंतीला एक फळी असायची आणि फळीवर पेटी. शनिवारी रात्री भजन. माझा आजा अशाच एका खोलीत राहायचा. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने १९३६ साली स्वतःची पेटी घेतली. खोलीची एक होतीच. तरीही त्याने स्वतःची घेतली, कारण त्याला ती गावी न्यायची होती. आगबोटीने रत्नागिरीपर्यंत, तिथून बैलगाडीने हातखंबा, पाली करत घाटी चढून घरी. गाडीवान म्हणे विचारत होता, आत मूल हाय काय, एवढी का जपताव?

आमच्या वाडीतली कुणा एकाच्या मालकीची ती पहिली वस्तू, जी शेतीची नव्हती, दागिना नव्हती आणि भांडंही नव्हती. वाटणीच्या वेळी तिचं काय करायचं, याचा रिवाजच नव्हता.

वाटणी झाली १९६८ साली. मी तेव्हा अठरा वर्षांचा. पडवीत पंच बसले. जमीन कागदावर वाटली, ती सोपी. भांडी वाटायला दुकानातला तराजू आणला होता. हंडे, कळशा, घंगाळं, परात, समई, सगळं तांबं-पितळ तोलून दोन ढीग केले. एका ढिगात पावशेर जास्त झालं तर पळी इकडची तिकडे. आजीचा एक तांब्या होता, नक्षीचा, तिच्या माहेरचा. तोसुद्धा वजनात गेला. मग पेटी पुढे आणली. तिला तोलायचं कसं? लाकूड, चामडं, पितळेचे बारीक सूर. कुणीतरी म्हणालं, विकून पैसे वाटा. आजी आतून म्हणाली, ‘इकायची नाय.’ मग एक वयस्कर पंच म्हणाले, ‘देवारा थोरल्याकडं जातोय, तर पेटी पन थोरल्याकडंच. देवाचीच ती.’ संपलं. थोरले काका सज्जन माणूस. पण त्यांना पेटीचा भाता कुठे असतो तेवढंच माहीत. वाजवायचे माझे वडील. पंचांनी ते विचारलं नाही, आणि वडिलांच्या स्वभावात सांगणं नव्हतं.

आत्यालाही कुणी विचारलं नाही. तिला प्रत्येक अभंगाची चाल यायची. आज्याची वही तिला अक्षर न वाचता पाठ होती, कारण दाराआडून तिने ती शेकडो रात्री ऐकली होती. जात्यावर बसली की ती बुवांची हुबेहूब गवळण म्हणायची. पेटीला तिने जन्मात हात लावला नाही. बायकांनी लावायचा नसतो, असं होतं. कायद्याने १९५६ पासूनच बापाच्या स्वतःच्या मिळकतीत लेकीचा मुलाइतकाच वाटा होता, आणि पेटी तर आज्याच्या घामाची, बारा वर्षं मागाजवळ उभं राहून मिळवलेली. आमच्या पडवीतल्या पंचांपर्यंत तो कायदा पोचला नव्हता. पोचला असता तरी आत्याने वाटा मागितला नसता. भावाशी वैर नको, म्हणून आमच्याकडच्या बायका हक्कसोडावर सही करतात, आजही करतात.

काकांनी पेटी देव्हाऱ्याशेजारी लाल कापडात बांधून ठेवली. दसऱ्याला तिला फूल वाहायचे. पुढे त्यांची मुलं मुंबईला, मग तेही मुलांकडे. घर बंद. आमच्याकडचा पाऊस ज्याने चार महिने घरात बसून काढला आहे त्यालाच माहीत, बंद घरात काय होतं ते. १९८९ साली घर उघडलं तेव्हा भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लेलं, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, सुरांवर हिरवा गंज आणि मागच्या फळीत वाळवीने केलेली मातीची वाट. लाल कापड मात्र जसंच्या तसं होतं, वर वाळलेल्या झेंडूसकट.

पेटी वाजवली नाही तर ती टिकते, हा समज खोटा आहे. उलट आहे. भाता हलता राहिला तर चामडं नरम राहतं, सुरांतून हवा गेली तर गंज धरत नाही, झुरळांना घर करायला उसंत मिळत नाही. पखवाजाचंही तसंच. पावसात पुडी सैल पडते, शेगडीवर धरून ऊब द्यावी लागते, वाद्या ओढाव्या लागतात. हे जो रोज वाजवतो तो नकळत करतो. जो जपून ठेवतो तो करत नाही. म्हणून वाद्याच्या बाबतीत ‘जपून ठेवा’ हा सर्वांत वाईट निरोप.

युरोपातल्या लोकांनाही हे कळलेलं दिसतं. पागानिनी नावाचा इटलीचा थोर व्हायोलिनवादक १८४० साली गेला. त्याने त्याचं लाडकं व्हायोलिन, १७४३ साली ग्वार्नेरी कारागिराने केलेलं, मुलाला न देता आपल्या जिनोआ शहराला दिलं. कायम जतन करा, असं मृत्युपत्रात लिहिलं. शहराने ते काचेत ठेवलं. पण नुसतं ठेवलं तर लाकूड मरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा ते व्हायोलिन मधून मधून बाहेर काढतात, वाजवतात, आणि त्याच्या नावाने जी स्पर्धा होते तिच्या विजेत्याच्या हातात देतात. म्हणजे फिरून आमच्या ढोलासारखंच झालं. गावाची वस्तू, आणि वाजवणारा दर वेळी नवा.

वारस कोण, हा प्रश्न तसा आमच्या तालुक्याला नवा नाही. लांज्यातलं कोट हे झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव, राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचं. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मुलगा दत्तक घेतला. कंपनी सरकारने राज्याचा वारस म्हणून तो मान्य केला नाही, आणि १८५४ त झाशी खालसा झाली. खाजगी मालमत्तेचा वारस मात्र तोच, असं डलहौसीनेही धरलं. म्हणजे एकाच मुलाला एका कागदावर वारस म्हटलं आणि दुसऱ्यावर नाही. हा इतिहास शाळेत सगळेच शिकतात. मला त्यात अडकून राहतो तो दुसराच भाग. गंगाधरराव नाटकाचे शौकीन होते, आणि झाशीच्या वाड्यात हस्तलिखित पोथ्यांचा मोठा संग्रह होता. १८५८ च्या एप्रिलात इंग्रजांनी शहर घेतलं, लुटलं, तेव्हा त्या संग्रहाचीही धूळधाण झाली. ते आपल्या कोकणातल्याच वरसईच्या गोडसे भटजींनी पाहिलं आणि ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं. सोनं-नाणं लुटणाऱ्याला उपयोगी, त्यामुळे ते निदान कुणाच्या तरी घरी गेलं. पोथ्यांचा उपयोग वाचणाऱ्यालाच, आणि लुटीत वाचणारा नसतो.

रत्नागिरीच्या थिबा राजाचंही थोडं सांगायला हवं, कारण लांज्याहून तो वाडा काही लांब नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८६ साली इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ साली इथेच गेला. बरोबर आणलेलं जडजवाहीर घरखर्चासाठी एकेक करत विकलं गेलं. त्याची एक नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलायची, आणि गरिबीत संसार करून म्हातारी होऊन गेली. राजाच्या रत्नांचा वारसा तिच्या वाट्याला आला नाही. हिरे-माणकांची गोष्ट ही अशी. त्यांना कुणाची गरज नसते, त्यामुळे ते कुणाचेही होतात.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांनी मात्र यावर फार पूर्वी एक तोड काढून ठेवली आहे. त्यांच्यात दोन वंश चालतात, एक रक्ताचा आणि एक शिकवणीचा. अल्लादियाखाँसाहेबांना मुलगे होते, मुलगे गाणारेही होते. तरी त्यांची गायकी घराघरात पोचली ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या दोन शिष्यांमुळे. मोगूबाईंकडून ती किशोरीताईंकडे आली. केसरबाईंचं गाणं तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलं. आमच्या भजनी बुवांतही हेच. एखादा बुवा डबलबारीला उभा राहिला की बापाच्या नावाआधी विचारतात, ‘कुणाचे शिष्य?’

पण शिकवणीचा वंश चालवणाऱ्यांनीही वस्तूंच्या बाबतीत बहुधा रक्ताकडेच पाहिलं, आणि त्याचा परिणाम कधी कधी फार वाईट झाला. बिस्मिल्लाखाँसाहेब २००६ साली गेले. दहा वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरात, बनारसच्या घरातून त्यांच्या सनया चोरीला गेल्या. पुढच्या महिन्यात पोलिसांनी घरच्याच एकाला आणि सराफांना अटक केली. चांदीच्या सनया सतरा हजार रुपयांना विकल्या गेल्या होत्या आणि चांदी वितळवलेली होती. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमच्या पडवीतला तो तराजू आठवला.

दुसरा मार्ग म्हणजे वस्तुसंग्रहालय. पुण्याच्या दिनकर केळकरांचा लहानगा मुलगा राजा गेला. वारस गेला म्हणून त्यांनी संग्रह थांबवला नाही. उलट त्याच्याच नावाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं, पेट्या, वाद्यं जमवली, आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली सरकारला देऊन टाकला. तिथलं वाद्यांचं दालन मी दोनदा पाहिलं. फार चांगलं जपलं आहे. पण आमच्या पेटीसारखी साधी पेटी तिथे कोण घेणार, आणि का घ्यावी? तिच्यात हस्तिदंत नाही, नक्षी नाही. तिची किंमत वाजवल्यावरच कळते.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. वडिलांनी १९७२ साली घेतलेली दुसरी पेटी, दुहेरी सुरांची. हीच घरातली खरी पेटी. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला आणि आमच्या वाडीतले कितीतरी जण वळकटी घेऊन परत आले, ते दोन-तीन वर्षं आमच्या पडवीत या पेटीभोवती बसून काढलेली मी पाहिली आहेत. एक पखवाज. टाळांच्या सहा जोड्या. आज्याची वही, तिच्यात वडिलांनी आणि मी घातलेली भर. मिरजेचा एक तंबोरा, आत्याच्या सासरकडून आलेला. मिरजेचं हे काम दीडशे वर्षांहून जुनं. शिकलगारांनी हत्यारं सोडून वाद्यं हातात घेतली, आणि भोपळा पंढरपूरकडून येतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या तंबोऱ्याचा भोपळा तडकलेला आहे, पण सांधता येतो. आणि शेवटी, १९८९ साली काकांच्या घरातून आणलेला आज्याच्या पेटीचा सांगाडा.

या सगळ्याची वाटणी माझ्या हातून व्हावी, पंचांच्या नको, हे मी सत्तरीला आलो तेव्हाच ठरवलं. आमच्या घराच्या सातबारावर आज सव्वीस नावं आहेत. सव्वीस माणसं एकत्र येऊन एक कौल बदलू शकत नाहीत. पेटीचं तसं व्हायला नको.

एका वकील स्नेह्याला विचारलं. तो म्हणाला, मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी केली तर बरी, नाही केली तरी ते खोटं ठरत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, ‘पण भाऊ, जमीन नव्हे ही. हलणारी वस्तू आहे. तुमच्या हातातून तिच्या-त्याच्या हातात दिलीत, बक्षीस म्हणून, की कायद्याने ती त्याची झाली. जिवंत असताना द्या ना.’ १८८२ च्या कायद्यात तसं आहे म्हणे. जमिनीला तलाठी लागतो, पेटीला नुसता हात पुरतो. हे मला कुणी पन्नास वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, म्हणजे मी आज्याला सांगितलं असतं.

मागणारे चौघे होते. पहिला काकांचा नातू, डोंबिवलीचा. नवी जागा घेतली आहे, हॉलमध्ये काचेचं कपाट केलं आहे, ‘आबा, पणजोबांची आठवण म्हणून पेटी तिथे शोभेल.’ मुलगा मनाने चांगला आहे, आठवण ठेवावीशी वाटते हेच मोठं. दुसरं आमचं भजन मंडळ. त्यांचं म्हणणं, पेटी मंडळाच्या नावावर करा, ढोलासारखी सगळ्यांची होऊ दे. हे ऐकायला फार बरं वाटतं. पण ढोल वर्षातून ठरलेल्या दिवशी निघतो, त्याला कुणीही बडवलं तरी तो सोसतो. पेटी सगळ्यांची झाली की ती कुणाचीच राहत नाही. मंडळाच्या आधीच्या पेटीवर चहाचे पेले ठेवलेले मी पाहिले आहेत.

तिसरी, खालच्या वाडीतली एक मुलगी, अकरावीतली. चार वर्षं माझ्याकडे येते. आता बायकांची भजनी मंडळं आमच्याकडे भरपूर झाली आहेत, तिची आई तसल्या एका मंडळात टाळ धरते, तिच्याबरोबर ही यायला लागली. हात हलका, आणि मुख्य म्हणजे वाजवून झालं की पेटी पुसते, भाता बंद करून खटके आत ढकलते. सांगावं लागत नाही. तिने पेटी मागितली नाही. मागणाऱ्यांत मीच तिला धरलं.

मंडळातल्या एकाने लगेच हिशोब मांडला: ‘चार वर्षांत लगीन होईल, पेटी जाईल परगावी. गावाची वस्तू गावाबाहेर?’ त्यावर माझं उत्तर असं, की ही पेटी गावाबाहेरूनच आली आहे. माझ्या आज्याने पहिली गावात आणली तेव्हा तिला कुणी ‘परगावची’ म्हटलं नाही. नवऱ्याच्या गावी जर ती वाजली, तर तिथल्या पडवीत लोक बसतील. आणि आजकालच्या मुली लग्न होऊन विलवड्याला गाडीत बसून पुण्या-मुंबईला जातात, तशा परतही येतात.

चौथी माझी लेक. ती पुण्याला असते, वाजवत नाही. मी तिला म्हणालो, वाजवणाऱ्याला द्यावी असं माझ्या मनात आहे. ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, हा नियम छान आहे. पण ज्यांना पेटीला हातच लावू दिला नाही त्यांचं काय? आत्याआजीला वाजवता येत नव्हतं, म्हणून तिचा हक्क नव्हता का? तिच्या नावाने या घरात काय राहिलं?’

याला उत्तर नाही. वाजवणाऱ्याला द्या म्हणणं सोपं, पण वाजवायला कुणाला मिळालं हे आधी ठरून गेलेलं असतं. या एका वाक्यावर मी दोन पावसाळे काढले. पेटी तिथेच, पडवीत.

शेवटी जे केलं ते असं. गेल्या कार्तिकी एकादशीला, भजन संपल्यावर, पेटी मी त्या मुलीच्या हातात दिली. तिच्या आईला आधी विचारलं होतं. आई म्हणाली, ‘आमच्याकडं ठेवायला जागा नाय, पन ठेवू.’ चार माणसांदेखत दिली आणि तसं एका कागदावर लिहून सहीही केली, म्हणजे उद्या माझ्यामागे तिच्या दाराशी कुणी जाऊ नये. अट एकच घातली, ती कागदावर नाही: बंद करून ठेवायची नाही. कंटाळा आला तर दुसऱ्या वाजवणाऱ्याला द्यायची, मला परत नको.

डोंबिवलीच्या नातवाला आज्याच्या पेटीचा सांगाडा दिला. त्याने तो पॉलिश करून घेतला, आत बारीक दिवा लावला आहे. फोटो पाठवला होता. खरं सांगतो, शोभतो. ज्या पेटीचा आवाज गेला आहे तिची जागा काचेमागे असायला माझी हरकत नाही, आणि त्याला तरी वाजवायची कुठे होती? मंडळाला टाळांच्या सहाही जोड्या दिल्या. टाळ कुणीही धरतं, कसंही ठेवलं तरी ते बोलतात. मंडळ थोडं नाराज आहे, पण टाळ घेऊन गेलं.

वही लेकीला दिली. तिच्या मुलीला घेऊन ती मे महिन्यात आली, आणि आत्या म्हणायची त्या चाली मला आठवतील तेवढ्या मी म्हणाव्यात, ती मोबाईलवर घेईल, असं ठरलं. अकरा चाली झाल्या. जात्यावरची लय पेटीपेक्षा संथ असते, ते मला गाताना जाणवलं. ती काही चालींवर वहीत आत्याचं नाव घालते आहे. इतकी वर्षं त्या वहीत फक्त बुवांची नावं होती. तरी ती पुरती राजी नाही, हे मला कळतं. जाताना तिने पेटीच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं, बोलली काही नाही. तंबोरा तिच्यासाठी मिरजेला दुरुस्तीला पाठवायचा आहे. मोबाईलवर तंबोरा वाजतो हल्ली, तेव्हा या तंबोऱ्याची गरज कुणालाच नाही. पण तो आत्याचा आहे, तिच्या सासरकडून आलेला, म्हणून लेकीने मागितला.

राहिला पखवाज. वाडीत तो वाजवणारे दोघे, दोघेही नालासोपाऱ्याला राहतात, गणपतीला आठ दिवस येतात. अकरा महिने तो माझ्याकडे खुंटीला असतो, मी रोज संध्याकाळी दोन थापा मारतो, तेवढंच. दोघांपैकी कुणाला द्यावा ते अजून ठरत नाही, आणि नालासोपाऱ्याच्या खोलीत शेजारी वाजवू देतील का, हेही विचारायचं आहे. सध्या पुडी बदलायला दिली आहे. कारागीर म्हणाला, चामडं चांगलं मिळालं तर गणपतीच्या आधी होईल.